भूतबाधा, आजार आणि कॅमेरा
पॉल ट्रेम्ब्ले यांच्या 2015 मधील ‘ए हेड फुल ऑफ घोस्ट्स’ या भयकादंबरीत वडिलांची नोकरी गेलेले कुटुंब मुलीच्या कथित भूतबाधेचे चित्रीकरण रिअ‍ॅलिटी शोला करू देते. भारतात 2018 पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र त्याच्या संमतीविना माध्यमांना देता येत नाही. मांत्रिकाच्या अंगणात मात्र हे कलम पोहोचत नाही; कॅमेरा तर बहुधा तेथेच जातो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण झाल्यास महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, येलहंका ज्या राज्यात येते त्या कर्नाटकात 2017 चा. येलहंक्याच्या रहिवाशांना निदानासाठी बंगळुरूतच निम्हान्स संस्था आहे. इतरांना ‘टेली मानस’चा 14416 हा क्रमांक.