बुटांचा तळ बदलावा, बूट नव्हे

पावसाळा सरला की घरोघरी चपला-बुटांची झडती होते. कोणाच्या बुटाची टाच एका बाजूने झिजलेली असते, कोणाचा तळ पुढून उघडलेला असतो, तर कोणाचा पंज्याखाली इतका पातळ झालेला असतो की रस्त्यावरचा खडाही टोचतो. वरचे चामडे मात्र धड असते. अशा वेळी बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येते, ‘‘जाऊ द्या, नवे घेऊन टाका.’’ जुना जोड माळ्यावर जातो आणि तिथून वर्षभराने भंगारात. चांगल्या चामडी बुटाचा तळ मुळात बदलण्यासाठीच केलेला असतो, ही गोष्ट आपण विसरत चाललो आहोत. तिच्याबरोबर तो तळ बदलणारा माणूसही आपल्या नजरेआड होत आहे.

कोणत्या बुटाचा तळ बदलता येतो?

सगळ्याच बुटांना ही सोय नसते. म्हणून खरेदी करतानाच बूट उलटा करून पाहावा. ज्या बुटाच्या कडेने चामड्याची एक अरुंद पट्टी फिरते आणि त्या पट्टीवर टाके दिसतात, तो सगळ्यात टिकाऊ. या पट्टीला वेल्ट म्हणतात. वरचे चामडे वेल्टला शिवलेले असते आणि तळही वेल्टलाच शिवलेला असतो. त्यामुळे तळाचे टाके उसवले तरी वरच्या भागाला धक्का लागत नाही. १८७० च्या सुमारास अमेरिकेत हे काम करणारे यंत्र पुढे आले आणि चार्ल्स गुडइयर ज्युनियर यांच्या नावावरून ही पद्धत ‘गुडइयर वेल्ट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याआधी कारागीर हेच काम हाताने करत आणि आजही अनेक जण करतात.

दुसरा प्रकार चिकटवलेल्या तळाचा. बाजारातले बरेचसे बूट याच प्रकारातले असतात. त्यांचाही तळ काढून नवा बसवता येतो, पण वरचे चामडे अस्सल असेल तरच तो खर्च करण्यात अर्थ आहे. तिसऱ्या प्रकारात साच्यात ओतलेला तळ थेट बुटालाच जोडलेला असतो. तो बदलणे अवघड असते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. लग्नासाठी घेतलेले बूट कपाटात जपून ठेवावेत आणि काही वर्षांनी बाहेर काढताच तळाचा भुगा व्हावा, असे अनेक घरांत घडते. त्या तळांत बहुधा पॉलियुरेथेन म्हणजे पीयू असते. हवेतल्या दमटपणाने ते हळूहळू आतून कुजते, न वापरताही. अशा बुटाला रबराचा नवा तळ लावून घेता येतो. त्यासाठी बूटच टाकून देण्याचे कारण नाही.

काम कसे होते?

आमच्या घरातील घोट्यापर्यंतच्या चामडी बुटांचा एक जोड सहा वर्षांचा झाला होता. टाच दोनदा बदलून झाली होती, आता तळाची पाळी आली. एस. टी. स्टँडसमोर बसणाऱ्या मोचीकाकांकडे आम्ही तो नेला आणि काम पाहत बाकावर बसलो.

काकांनी आधी बुटाच्या आत हात घालून पाहिले, मग कड वाकवून टाके तपासले आणि म्हणाले, ‘‘वरचा माल चांगला आहे भाई. अजून दोन सोल खाईल.’’

टाचेचे खिळे उपसले गेले. रापीने टाके कापून जुना तळ सोलून काढला. त्याखाली बुचाचा थर होता, काळा पडून चुरा झालेला. पायाच्या ठेवणीप्रमाणे आतला भाग हळूहळू दबत जातो. जुना बूट नव्यापेक्षा पायाला सुखाचा वाटतो, तो म्हणूनच. तळ बदलताना आतली मूळ चामडी गादी तशीच राहते, त्यामुळे हे सुख हरवत नाही. काकांनी चुरा झटकून नवे बूच भरले आणि पायाच्या कमानीखालची पोलादी पट्टी ठोकून पाहिली.

नव्या तळाचे चामडे काचकागदाने खरवडून दोन्ही बाजूंना सोल्युशन लावले आणि काकांनी चक्क चहा मागवला. आमच्या चेहऱ्यावरचा प्रश्न ओळखून म्हणाले, ‘‘बोटाला ओलं लागता कामा नये, पण चिकट लागलं पाहिजे. तोवर थांबायचं. घाई केली की महिन्यात सोल सुटतो आणि गिऱ्हाईक मला शिव्या देतं.’’

नंतर बूट लोखंडी तिपाईवर चढला. हातोडी मधून कडेकडे फिरत गेली, म्हणजे आत हवा कोंडून राहत नाही. मग मेण लावलेला दोरा आणि आरी. आरीने भोक पाडायचे, खालून दोरा तिच्या टोकाच्या आकड्यात अडकवायचा आणि वर ओढायचा. असा एकेक टाका करत वेल्टला पूर्ण फेरी. शेवटी टाच बसवली, रापीने कड तासली, रंग दिला, मेण घासले. दोन्ही बुटांना चार तास लागले. माल आणि मजुरी मिळून आठशे रुपये.

आठशे रुपये ऐकून भुवया उंचावतील. म्हणून साधा हिशोब मांडू या. समजा, बूट तीन हजारांचे घेतले आणि नऊ वर्षांत त्यांचा तळ दोनदा बदलला. एकूण खर्च झाला चार हजार सहाशे. त्याऐवजी हजार रुपयांचे बूट दरवर्षी घेतले तर नऊ हजार, आणि वर नऊ जोड कचऱ्यात.

आरीचे नाते आपल्या घराशी

मोच्याची आरी आपल्या घरात दुसऱ्याच रूपाने आलेली आहे. नवरीच्या ब्लाऊजवर, शरारा-दुपट्ट्यावर जे आरीवर्क आपल्या मुली हौसेने करून घेतात, त्याचे नाव याच हत्यारावरून पडले. कच्छमधल्या मोची कारागिरांनी चामडे शिवण्याच्या आकडेदार आरीने कापडावर रेशमी साखळीटाके घातले. ती कला ‘मोची भरत’ म्हणून प्रसिद्ध झाली. एका आरीच्या कामाला आपण हजारो रुपये खुशीने देतो आणि दुसऱ्या आरीच्या कामाला दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, हे बरोबर दिसत नाही.

हाताच्या कामाची इज्जत

काम चालू असताना आम्ही काकांना मुलांविषयी विचारले. ‘‘मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे. या पेटीवर बसायला तयार नाही, आणि मीही आग्रह करत नाही,’’ ते म्हणाले. पैसे कमी मिळतात म्हणून का, असे विचारल्यावर थोडा वेळ गप्प राहिले. ‘‘पैशाचं एवढं नाही हो. लोक बूट काढून हातात देत नाहीत, पाय पुढे करतात.’’

हे वाक्य प्रत्येक घरात ऐकवावे असे आहे. जातीची उतरंड आपण मानत नाही, असे आपण म्हणतो. पण मोच्याशी बोलताना वापरलेला ‘ए’ आणि ‘अरे’ वेगळेच सांगतो.

प्रेषित मुहम्मद (स.) घरी काय करीत असत, असे विचारले असता, ते आपले जोडे स्वतः सांधत आणि आपले कपडे स्वतः शिवत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले. मजुराला त्याचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी, ही शिकवणही आपल्या लहान मुलांना पाठ असते. आणखी एक नाव आपल्याला माहीत असायला हवे. तिसऱ्या हिजरी शतकात बगदादमध्ये अबू बक्र अहमद अल-खस्साफ (रह.) हे हनफी पंथाचे मोठे कायदेपंडित होऊन गेले. हिजरी २६१ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘खस्साफ’ म्हणजे जोडे सांधणारा. त्याच कमाईवर ते गुजराण करीत, असे चरित्रकार सांगतात. वक्फच्या नियमांवरचा त्यांचा ‘अहकामुल औकाफ’ हा ग्रंथ या विषयातल्या सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी आहे. मशिदी, मदरसे, कब्रस्ताने यांच्या वक्फविषयी आज आपण जे बोलतो, त्याचा पाया घालणाऱ्यांत जोडे सांधणारा एक हात होता.

राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची अनुसूचित जातींतील गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना आहे. चर्मकारांसाठी १९७४ पासून स्वतंत्र विकास महामंडळही आहे. तरी अनेक कारागीर आजही उन्हा-पावसात छत्रीखाली बसतात. कागदपत्रे जमवणे, अर्ज भरणे त्यांना जड जाते. आपल्या घरात कॉलेजला जाणारी मुले-मुली आहेत. एका दुपारी बसून ती एखाद्या काकांचा अर्ज भरून देऊ शकतात.

एवढे लक्षात ठेवावे

टाचेचा खालचा थर झिजताच बदलावा. तो पूर्ण जाऊन टाच झिजू लागली की खर्च वाढतो आणि चाल वाकडी होते. तळ अंगठ्याने दाबून पाहावा. तो मऊपणे आत गेला तर वेळ झाली असे समजावे. भोक पडेपर्यंत थांबू नये, कारण झीज वेल्टपर्यंत पोहोचली की काम दुप्पट होते. फक्त पंज्याखालचा भाग झिजला असेल तर अर्ध्या सोलवर भागते. पावसात वापरायचे असतील तर चामड्याच्या तळावर रबराचा पातळ थर लावून घ्यावा. भिजलेले बूट उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नयेत, चामडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावेत.

काम देण्याआधी दर ठरवावा, म्हणजे दोन्हीकडे मन साफ राहते. कोणता माल लावणार, शिवणार की नुसते चिकटवणार, हे विचारून घ्यावे. काम झाले की ठरलेली रक्कम तिथेच द्यावी, ‘उद्या देतो’ म्हणू नये.

ईदच्या खरेदीची यादी करण्यापूर्वी एकदा माळ्यावर नजर टाकावी. धड चामड्याचा एखादा जोड तिथे नक्की सापडेल. तो पुसून, पिशवीत घालून मुलांना बरोबर घेऊन मोचीकाकांकडे जावे, सलाम-नमस्कार करावा आणि बूट त्यांच्या हातात द्यावेत.