ठासणीच्या बंदुकीचा नेम

बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला ज्यांची शेते आहेत, त्यांना हरभरा घाट्यांवर आला की रात्रीची झोप नसते. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत उभे पीक आडवे करतात. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा वेगळा उल्लेख आहे, तो अशाच शेतकऱ्यांसाठी. ही बंदूक तोंडाकडून भरतात. आधी दारू, मग गोळी, आणि दोन्ही गजाने ठासायची. एक बार झाला की पुन्हा सारे पहिल्यापासून.

पूर्वी अशा बंदुकीने शंभर पावलांवरचे हरीण टिपल्याच्या गोष्टी जुनी माणसे सांगतात. त्या कितपत खऱ्या असतील, हे शाळेतल्या गणिताने तपासता येते. गोळी नळीतून सेकंदाला ३५० मीटर वेगाने निघाली असे धरू. ५० मीटर जायला तिला १/७ सेकंद लागेल. तेवढ्या वेळात ती ½ × ९.८ × (१/७)² म्हणजे ०.१ मीटर, अर्थात १० सेंटिमीटर खाली येते. अंतर दुप्पट केले की घसरण चौपट, म्हणजे ४० सेंटिमीटर. हवेचा विरोध धरला तर याहूनही जास्त.

ही घसरण मात्र दर वेळी जवळपास सारखीच असते. नेम तेवढा वर धरला की काम भागते. खरी अडचण वेगळीच आहे. गोळी नळीत सहज उतरावी म्हणून ती नळीपेक्षा किंचित लहान असते. त्यामुळे बाहेर पडताना ती नळीच्या भिंतींना घासते, आदळते आणि कशीही गिरकी घेत निघते. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेतच वळतो, तशी ती वळते. पण कोणत्या बाजूला, हे आधी सांगता येत नाही.

बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने अठराव्या शतकात यासाठी फार सुंदर प्रयोग केला. त्याने बंदुकीची नळी टोकाशी डावीकडे वाकवली आणि गोळीच्या वाटेत पातळ कागदाचे पडदे टांगले. छिद्रांवरून दिसले, की गोळी आधी डावीकडे गेली आणि मग उजवीकडे वळली! वाकलेल्या नळीच्या उजव्या भिंतीला घासून तिला मिळालेल्या गिरकीचा हा परिणाम होता. (हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये येथेच वारला.) रायफलच्या नळीतील पेचदार खाचा गोळीला ठरावीक अक्षाभोवती फिरवतात, म्हणून तिचा नेम टिकतो. पीकसंरक्षणाच्या बंदुकीत त्या नसतात.

म्हणून बंदुकीची परीक्षा एका गोळीवर होत नाही. बंदूक टेकवून, दारू दर वेळी तितकीच मोजून, कागदावर दहा बार काढावे लागतात. दहाही छिद्रे एका जागी, पण खुणेच्या डावीकडे पडली, तर दोष माशीचा; तो सुधारता येतो. छिद्रे विखुरली, तर माशी सरकवून उपयोग नाही, अंतरच कमी करावे लागते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण जेवणाच्या ताटाएवढी. ज्या अंतरावर दहाही गोळ्या ताटात पडत नाहीत, तेथून झाडलेली गोळी जनावर मारत नाही, जखमी करते. ते रात्रभर रक्त सांडत दूर जाते, आणि दुसरा बार भरेपर्यंत दिसेनासे झालेले असते.

आज हा हिशेब हरणावर करायचा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आता शिकारीला बंदी आहे. काळवीट तर अनुसूची १ मध्ये आहे. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. पिकाची नासधूस करणाऱ्या रोही-डुकरांवरही वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही.

वर्गात बंदूक नको, गोटी पुरे. पुठ्ठ्याच्या उतारावरून गोटी सोडून ती टेबलाच्या कडेवरून खाली पडू द्यावी. जमिनीवर पांढरा कागद, त्यावर कार्बन पेपर. एकाच उंचीवरून दहा वेळा सोडली की दहा ठिपके मिळतील. मग उतार किंचित तिरका करून पुन्हा दहा, आणि शेवटी दर वेळी वेगळ्या उंचीवरून दहा. तिन्ही कागद फळ्यावर लावावेत आणि कोणत्या कागदातला दोष दुरुस्त करता येईल, हे मुलांनाच विचारावे.