कॅलेचे सहा नागरिक

पुतळा म्हटला, की उंच चौथऱ्यावरील विजयी वीर डोळ्यांपुढे येतो. फ्रान्समधील कॅले शहराने मात्र आपल्या पराभवाचे स्मारक उभारले आहे.

१३४७ साली, सुमारे अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर, उपासमारीने गांजलेले हे शहर इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याला शरण गेले. सहा प्रतिष्ठित नागरिकांनी गळ्यात दोर बांधून, अनवाणी, शहराच्या किल्ल्या घेऊन यावे, म्हणजे इतरांना अभय मिळेल, अशी त्याची अट होती. वृद्ध युस्ताश प्रथम पुढे झाला. पुढे राणी फिलिपाच्या रदबदलीने सहाही जणांचे प्राण वाचले, असे बखरकार फ्र्वासार सांगतो.

शिल्पकार रोदँ याने या सहा जणांना वीरश्रीचा आवेश दिला नाही. कोणी दोन्ही हातांनी मस्तक धरले आहे, कोणी मागे वळला आहे. तरीही पावले मृत्यूकडे चालली आहेत. ही माणसे जमिनीवरच, येणाऱ्या-जाणाऱ्यांत मिसळून असावीत, अशी त्याची इच्छा होती. १८९५ साली मात्र शिल्प उंच चौथऱ्यावर, कठड्याआड बसविण्यात आले. रोदँ १९१७ साली निवर्तला. त्यानंतर १९२४ साली ते नगरभवनासमोर ठेंगण्या बैठकीवर आले.

उंचावरील वीराला मनुष्य वंदन करून पुढे जातो. शेजारी उभ्या असलेल्या भयग्रस्त नागरिकापाशी मात्र त्याला क्षणभर थांबावे लागते.