गोळी मागू नका, छाती दाबा

मागच्या उन्हाळ्यात आर्णीकडच्या एका लग्नमंडपात एक काका कोसळले. कुणीतरी धावत सॉर्बिट्रेट आणली, जिभेखाली सरकवली आणि सगळे वाट पाहत बसले. मी पोचेपर्यंत 7-8 मिनिटं गेली होती. छातीला कुणी हात लावलेला नव्हता. काका गेले.

ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. माणूस शुद्धीवर आहे, छातीत दुखतंय आणि डॉक्टरांनी त्यालाच ती लिहून दिलीय, तर ठीक. पण हृदयच थांबलं की रक्ताला दाबच उरत नाही. मग वाहिन्या आणखी सैल करून काय मिळणार? दवाखान्यात अशा वेळी आम्ही उलट अ‍ॅड्रेनालिन देतो. ते वाहिन्या आवळतं, म्हणून छाती दाबून ढकललेलं रक्त हृदयाला मिळतं. (अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात वाहिन्या सैल करणारं नायट्रोप्रुसाइड वापरून प्रयोग झालेत, पण डुकरांवर आणि खास उपकरणांसह. मंडपातली गोष्ट वेगळी.)

हाकेला ओ नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येताहेत? एकाने 108 ला फोन लावावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून दोन इंच तरी खोल दाबावं, मिनिटाला 100 ते 120 वेळा. बायांनो, परका पुरुष म्हणून मागे राहू नका. दमलात की शेजारचीला बसवा.