विकिपीडिया, मराठी
स्वयंसेवी संपादकांनी परस्परसहकार्याने महाजालावर रचलेला व कोणासही विनामूल्य वाचता येणारा मराठी ज्ञानकोश. त्याचा प्रारंभ १ मे २००३ रोजी झाला. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश (२३ खंड, १९२०–२७) किंवा १९७६ पासून प्रसिद्ध होत गेलेला मराठी विश्वकोश यांमागे नियुक्त संपादकवर्ग होता. येथे तसा नाही. लेखातील प्रत्येक फेरफार त्याच्या इतिहासात नोंदला जातो, मतभेद चर्चापानावर मांडले जातात आणि विधानाचा स्वीकार लिहिणाऱ्याच्या अधिकारावर नव्हे, तर प्रकाशित आधारावर व्हावा, असा दंडक आहे.

प्रारंभीच्या विमानांसारख्या विषयात या दंडकाची कसोटी लागते. भारतीय हवाई दलाचे पहिले स्क्वॉड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीतील ड्रिघ रोड येथे चार वेस्टलँड वापिटी विमानांनिशी उभे राहिले. अशी माहिती लष्करी दप्तरांवरून पडताळता येते. विमानरचनेचा जाणकार, दलाच्या इतिहासाचा अभ्यासक व परिभाषा तपासणारा यांचे श्रम अशा एकाच लेखात एकत्र येऊ शकतात. शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर मानवरहित विमान उडविले, ही कथा मात्र विश्वसनीय समकालीन पुराव्याने सिद्ध झालेली नाही. तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या वैमानिक शास्त्र या ग्रंथात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्ये काढला. कथा लोकप्रिय असल्याने ती वगळणे इष्ट नव्हे; ती दावा म्हणून नोंदवून शेजारी हा निष्कर्ष ठेवणे उचित होय. अभिमानापोटी कोणी तो पुसून टाकल्यास आधीची आवृत्ती क्षणात परत आणता येते. मात्र त्यासाठी लेखावर लक्ष ठेवणारा संपादक लागतो, आणि मराठीत नियमितपणे असे काम करणारे थोडे आहेत.