विश्लेषण : फोनवर लख्ख, टीव्हीवर काळोख! 'एचडीआर' वेब सीरिज इतकी अंधारी का दिसते?

क्रिकेटचा सामना छान दिसतो, रोजच्या मालिका छान दिसतात, यूट्यूबवरची गाणीही छान दिसतात. पण ओटीटीवर एखादी नवी वेब सीरिज लावली, की पडद्यावर अमावास्या उतरते. पात्रे कुजबुजत आहेत हे ऐकू येते, पण कोण कुजबुजते आहे ते दिसत नाही. तोच भाग फोनवर लावला तर सगळे स्वच्छ दिसते. मग 'टीव्हीचे पॅनल गेले' असा निष्कर्ष निघतो, तंत्रज्ञाला फोन जातो किंवा दुकानदाराशी वाद होतो. बहुतेक वेळा टीव्ही बिघडलेला नसतो. एचडीआर नावाचे तंत्र आणि घरातील टीव्ही यांचे जमत नसते, आणि ते काही प्रमाणात घरबसल्या, फुकटात जुळवता येते.

वाद जुनाच आहे

एप्रिल २०१९मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आठव्या पर्वातील 'द लाँग नाइट' हा भाग आला, तेव्हा 'काही दिसतच नाही' अशी ओरड जगभर झाली. छायालेखक फेबियन वॅगनर यांनी प्रेक्षकांच्या टीव्हीची सेटिंग्ज आणि प्रसारणात होणारे कॉम्प्रेशन यांकडे बोट दाखवले. २०२२मध्ये 'हाऊस ऑफ द ड्रॅगन'च्या सातव्या भागावरून पुन्हा तेच झाले. त्या वेळी एचबीओने अंधार हा जाणीवपूर्वक घेतलेला कलात्मक निर्णय असल्याचे सांगितले. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण ज्याच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू आहे आणि टीव्ही ४३ इंची, मध्यम किमतीचा आहे, त्याला या उत्तरांचा फारसा उपयोग नाही. 'द लाँग नाइट' तर मूळ प्रसारणात एचडीआरमध्ये नव्हताही. अंधारे चित्रीकरण आधीपासूनच होते, एचडीआरने त्यात स्वतःची भर घातली.

जास्त प्रकाशाचे तंत्र, मग चित्र काळे का?

एचडीआर म्हणजे 'हाय डायनॅमिक रेंज'. चित्रातील सर्वात गडद आणि सर्वात उजळ भाग यांतील अंतर वाढवणारे तंत्र. पडद्याचा उजेड 'निट' या एककात मोजतात. जुन्या पद्धतीचे, म्हणजे एसडीआर चित्र स्टुडिओत साधारण १०० निट ही कमाल धरून तयार होते. एचडीआर चित्र सहसा १००० किंवा ४००० निटच्या मॉनिटरवर तयार होते आणि त्याचे मानक १०,००० निटपर्यंत जाऊ शकते.

खरी गोम पुढे आहे. एसडीआरमध्ये उजेड सापेक्ष असतो. सिग्नल टीव्हीला फक्त एवढेच सांगतो, की हा भाग तुझ्या कमाल उजेडाच्या इतक्या टक्के दाखव. स्टुडिओने १०० निट धरले असले तरी घरातील टीव्ही बॅकलाइट वाढवून तेच चित्र २५०-३०० निटपर्यंत उजळवतो. म्हणजे मालिका आणि सामने आपण वर्षानुवर्षे मूळ हेतूपेक्षा अडीच-तीन पट उजळ पाहत आलो आहोत. डोळ्यांना त्याचीच सवय झाली आहे.

एचडीआरमध्ये ही मोकळीक नाही. २०१४मध्ये प्रमाणित झालेली 'पीक्यू' ही पद्धत निरपेक्ष आहे. सिग्नलमधील प्रत्येक पायरीला ठरलेला उजेड आहे. १० बिटच्या सिग्नलमध्ये अशा १०२४ पायऱ्या असतात आणि त्यांतील जवळपास निम्म्या १०० निटच्या खालीच आहेत. समजा, रात्रीच्या प्रसंगात नायिकेचा चेहरा १० निटवर ठेवला आहे. एसडीआरमध्ये तो घरच्या टीव्हीवर ३० निटच्या आसपास दिसला असता. एचडीआरमध्ये टीव्ही प्रामाणिकपणे १० निटच दाखवतो. वाढीव उजेड राखून ठेवलेला असतो तो कंदिलाच्या ज्योतीसाठी, गाडीच्या हेडलाइटसाठी, पाण्यावरच्या चमकेसाठी.

आता स्वस्त किंवा मध्यम किमतीच्या टीव्हीचा प्रश्न. त्याची कमाल क्षमताच ३०० निटच्या आसपास. १००० निटचे चित्र त्यात बसवायचे तर ते दाबावे लागते. याला 'टोन मॅपिंग' म्हणतात. हेडलाइटचा तपशील टिकवण्याच्या नादात काही टीव्ही सगळे चित्रच खाली ओढतात आणि १० निटचा चेहरा आणखी काळवंडतो. त्यात हे चित्र ज्या खोलीसाठी तयार झाले ती जवळपास अंधारी असते. आपल्या हॉलमध्ये दिवा चालू असतो, खिडकी उघडी असते. पडद्यावर पडलेल्या त्या उजेडाचे प्रतिबिंबच सावल्यांतील तपशील गिळून टाकते.

फोनवर तोच भाग चांगला दिसतो, त्याचे कारणही इथेच आहे. आज अनेक फोनचे पडदे ८०० ते १००० निट किंवा त्याहून जास्त उजेड देऊ शकतात, बरेचसे ओएलईडी आहेत आणि आपण फोन चेहऱ्याजवळ धरतो. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीपेक्षा खिशातला फोन जास्त उजळ असणे, हे विचित्र वाटले तरी अनेक घरांतील वास्तव आहे.

सेटिंग बदलण्याआधी एक गोष्ट

बहुतेक टीव्ही एसडीआर आणि एचडीआरसाठी चित्राची सेटिंग्ज वेगवेगळी ठेवतात. मालिका चालू असताना ब्राइटनेस वाढवला आणि वेब सीरिज लावल्यावर काहीच फरक पडला नाही, ही तक्रार त्यातूनच येते. म्हणून आधी तो अंधारा भाग लावा, कोपऱ्यात 'एचडीआर' किंवा 'डॉल्बी व्हिजन' असे चिन्ह येते का पाहा आणि तो चालू असतानाच मेन्यूत जा.

पहिला संशयित म्हणजे वीजबचत. कारखान्यातून येतानाच अनेक टीव्हींमध्ये 'एनर्जी सेव्हिंग', 'पॉवर सेव्हिंग' किंवा 'इको' पर्याय चालू असतो. सोबत खोलीतील उजेड मोजून पडदा मंद करणारा सेन्सरही असतो. सॅमसंगमध्ये 'ब्राइटनेस ऑप्टिमायझेशन', सोनीमध्ये 'लाइट सेन्सर' अशा नावांनी तो सापडतो. हे दोन्ही बंद करून बघावे. अनेकांचे काम इथेच होते. विजेच्या बिलाची काळजी असेल तर साधा हिशेब करा : बॅकलाइट वाढवल्याने टीव्ही ३० वॅट जास्त खाऊ लागला आणि रोज चार तास चालला, तर महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. १० रुपये युनिट धरले तरी ३६ रुपये.

दुसरा संशयित पिक्चर मोड. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर मोड' लावा, हा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला चुकीचा नाही, पण तो दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्यांसाठी आहे. ट्यूबलाइटखाली कुटुंबासह बघायचे असेल तर 'स्टँडर्ड' मोड बरा. 'व्हिव्हिड' उजेड देतो खरा, पण माणसांचे चेहरे हळद लावल्यासारखे दिसू लागतात. डॉल्बी व्हिजनमध्ये बऱ्याच टीव्हींवर 'डार्क' आणि 'ब्राइट' असे दोन पर्याय मिळतात. दिवा चालू असेल तर बिनदिक्कत 'ब्राइट' निवडावा.

त्यानंतर बॅकलाइट. एचडीआरमध्ये तो पूर्ण १०० वर असायला हवा. गोंधळ होतो तो 'ब्राइटनेस' या शब्दाने. काही कंपन्यांच्या मेन्यूत ब्राइटनेस म्हणजे बॅकलाइट, तर काहींच्या मेन्यूत ब्राइटनेस म्हणजे काळ्या रंगाची पातळी. ओळखण्याची खूण सोपी आहे : आकडा वाढवल्यावर काळा भाग राखाडी, धुरकट होऊ लागला तर ती काळ्याची पातळी आहे. ती होती तिथे परत न्या, फार तर एखाद-दोन अंशांनी वाढवा. सावल्यांतील तपशीलासाठी सॅमसंगमध्ये 'शॅडो डिटेल' आणि 'एसटी २०८४' असे पर्याय मिळतात, एलजीमध्ये 'डायनॅमिक टोन मॅपिंग', सोनीमध्ये 'एचडीआर टोन मॅपिंग'च्या खाली उजेडाला प्राधान्य देणारा पर्याय असतो. मॉडेलनुसार जागा बदलते, पण शोधण्याचे कष्ट सार्थकी लागतात. दिग्दर्शकाला अभिप्रेत चित्र बिघडते का? थोडेसे बिघडते. पण न दिसणाऱ्या चित्रापेक्षा थोडे बदललेले चित्र बरे, आणि घरात साठी ओलांडलेली मंडळी असतील तर त्यांच्या डोळ्यांना मुळातच जास्त उजेड लागतो.

दोन गोष्टींच्या वाटेला जाऊ नये. एक, सर्व्हिस मेन्यू. रिमोटच्या ठरावीक बटणांनी तो उघडण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण तिथला एक चुकीचा आकडा टीव्ही कायमचा आजारी करू शकतो. दुसरी, 'स्टोअर मोड'. दुकानातल्यासारखे चित्र हवे म्हणून तो लावला तर काही वेळाने टीव्ही तुमची सेटिंग्ज पुसून मूळ पदावर येतो.

स्टिकचा घोळ

ओटीटी फायर टीव्ही स्टिकवरून बघत असाल तर 'डिस्प्ले अँड साउंड्स'मध्ये 'डायनॅमिक रेंज सेटिंग्ज' उघडा. तिथे 'ऑलवेज एचडीआर' असेल तर स्टिक साध्या मालिकाही एचडीआरच्या साच्यात ओतून टीव्हीला देते आणि सगळेच मंद किंवा फिके दिसू लागते. 'अडॅप्टिव्ह' ठेवले की चित्र जसे असेल तसे जाते. ॲपल टीव्ही ४केवर 'मॅच कंटेंट'मध्ये 'मॅच डायनॅमिक रेंज' चालू करणे हे तेच काम. सावल्या धुरकट नव्हे, तर डांबरासारख्या सपाट काळ्या दिसत असतील तर एचडीएमआयची 'ब्लॅक लेव्हल' तपासा. स्टिक 'फुल' आणि टीव्ही 'लिमिटेड' अशी विजोड जोडी जमली, की काळ्याची छटाच बिघडते. दोन्हीकडे 'ऑटो' ठेवले की बहुधा भांडण मिटते.

एवढे करूनही अंधारच असेल तर?

तर एचडीआर बंद करा. दुकानात 'एचडीआर' या तीन अक्षरांवर विकलेल्या टीव्हीला हा सल्ला रुचणार नाही, पण बऱ्याच स्वस्त संचांवर चित्र त्यानेच सुधारते. खोक्यावरील 'एचडीआर १०' या शब्दांचा अर्थ एवढाच, की टीव्ही तो सिग्नल स्वीकारतो. तो उजेड दाखवण्याची ताकद त्यात आहे, असा अर्थ होत नाही. फायर टीव्हीच्या नव्या आवृत्त्यांत वर सांगितलेल्या जागीच एचडीआर बंद करण्याचा पर्याय आहे. टीव्हीतच असलेल्या ॲपमध्ये तो मिळेलच असे नाही. नेटफ्लिक्सपुरता एक आडमार्ग आहे : खात्याच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये डेटा वापर 'मीडियम' केला, की एचडीआर येत नाही, मात्र ४केही जाते. आणि ३०० निटच्या टीव्हीवर केवळ एचडीआरसाठी महागडा प्लॅन घेतला असेल, तर तो पैसा वाया जातो आहे का, याचाही विचार करावा.

नवा टीव्ही घ्यायचा असेल तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : एचडीआरमध्ये याचा कमाल उजेड किती निट? तुलनेसाठी, यूएचडी अलायन्सने २०१६मध्ये आपल्या प्रीमियम शिक्क्यासाठी एलईडी टीव्हीला किमान १००० निट आणि गडद काळा दाखवू शकणाऱ्या ओएलईडीला किमान ५४० निट अशी अट घातली होती. आकडा सांगता येत नसेल किंवा 'सर, फुल एचडीआर आहे' एवढेच उत्तर मिळाले, तर मोबाइलवर त्या मॉडेलची स्वतंत्र चाचणी शोधून मगच पैसे मोजावेत.

मालिका आणि सामनेही अंधारे दिसत असतील, पडद्याचा एखादा पट्टाच काळवंडला असेल किंवा आवाज येऊन चित्र गायब होत असेल, तर मात्र प्रकरण सेटिंगचे नाही. खोलीतील दिवा बंद करा आणि फोनचा टॉर्च पडद्याला टेकवून तिरपा धरा. आत पुसट चित्र हलताना दिसले तर बॅकलाइटच्या एलईडी पट्ट्या गेल्या आहेत. अशा वेळी तंत्रज्ञाला बोलवावे, आणि संपूर्ण पॅनल बदलावे लागेल असे त्याने सांगितले, तर आधी फक्त पट्ट्यांचा खर्च विचारावा.