कडेवर मूल आणि हातात गाडी

आमच्या घरात दोन बाबागाड्या आहेत. पहिली दिरांनी दोहाहून आणली. अकरा किलोंची, जाड गादीची, पेला ठेवायला वेगळी जागा असलेली. ती उघडली तेव्हा शेजारच्या खालापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी माशाअल्लाह म्हटले. आज ती बाल्कनीत उभी आहे आणि तिच्यावर वाळलेले कपडे घडी होण्याची वाट पाहतात. दुसरी राखाडी कापडाची, सहा किलोंची, दिसायला अगदी साधी. ती दारामागे असते आणि गेल्या दीड वर्षात आमच्याबरोबर बाहेर पडली ती हीच.

पहिल्या गाडीत खोट काहीच नव्हती. पण आमच्या इमारतीत लिफ्टपासून रस्त्यापर्यंत सात पायऱ्या आहेत. सिझेरियननंतर डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली होती. आमचे हे सकाळी साडेसातला निघतात, ते रात्री परततात. म्हणजे त्या सात पायऱ्या मला एकटीला उतरायच्या, एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात अकरा किलो. मी उतरलेच नाही. मुलगा आठ महिन्यांचा होईपर्यंत त्याने खारघर पाहिले ते बहुतेक खिडकीतून, आणि मीही.

सासूबाई म्हणायच्या, "आम्ही चार मुलं कडेवर वाढवली. गाडी कशाला लागते?" रसूलुल्लाह (स.) यांनी आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज अदा केली, ही हदीस त्या मला ऐकवायच्या. मी वाद घातला नाही, कारण मुलाची जागा कडेवरच आहे हे मलाही मान्य आहे. फक्त वर्षाचे मूल नऊ-दहा किलोंचे होते आणि बाजारातून येताना बरोबर पाच किलो आटाही असतो. शिवाय म्हसळ्याच्या त्यांच्या वाड्यात मूल उचलायला दोन नणंदा आणि एक जाऊ होती. आमच्या फ्लॅटमध्ये मी आहे आणि कुकर आहे.

घडीची हलकी गाडी मुळात एका आजोबांनी बनवली. ओवेन मॅक्लारेन हे इंग्रज विमान अभियंते, दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेले. निवृत्तीनंतर मुलीने त्यांना जड गाडी घेऊन प्रवास करताना होणारा त्रास सांगितला. त्यांनी विमानासारख्याच ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या आणि छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोंच्याही आतली गाडी तयार केली. १९६५ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. आज दुकानात मिळणारी प्रत्येक हलकी गाडी या ना त्या रूपाने त्याच कल्पनेची आहे.

दुकानात आपली चूक होते ती इथे. गाडी उघडी असते, गुळगुळीत फरशीवर असते, रिकामी असते. आपण ती दोन पावले ढकलतो आणि रंग निवडतो. पण ही गाडी आपल्याला खरी सोसावी लागते ती मिटल्यावर. म्हणून मूल बरोबर न्या. त्याला कडेवर घ्या आणि विक्रेत्याला सांगा, आता हात लावू नका. मग एका हाताने गाडी मिटवा, उचला, दहा पावले चाला, परत उघडा. वाकावे लागले, पायाने दोन वेगवेगळे खटके दाबावे लागले, किंवा विक्रेता "सवय होईल, मॅडम" म्हणाला, तर ती गाडी तिथेच ठेवा. मुलाला घरी आजी किंवा फुफी सांभाळत असेल तर तिच्याकडूनही मिटवून घ्या. पैसे कोण देणार यापेक्षा उचलणार कोण, हे महत्त्वाचे.

घडी दोन प्रकारची असते. छत्रीसारखी लांब किंवा सुटकेससारखी चौकोनी. लांब घडीची गाडी सहसा स्वस्त आणि वजनाला कमी, पण रिक्षात आडवी ठेवली की टोक बाहेर येते. चौकोनी पायाशी बसते. टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असल्यावर किती जागा उरते ते तुम्हाला माहीत आहेच, तिथेही चौकोनीच बरी. मिटल्यावर आपोआप उभी राहणारी मिळाली तर दहा रुपये जास्त द्यायला हरकत नाही. तिकिटाच्या रांगेत गाडी भिंतीला टेकवून ठेवायची आणि ती घसरली की मुलासकट वाकायचे, हा प्रकार मी केला आहे.

खारघरमध्ये राहणाऱ्यांना एक सोय आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या बेलापूर-पेंधर मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आहेत, त्यामुळे उत्सव चौकातून सेंट्रल पार्कला गाडी न मिटवता, झोपलेल्या मुलाला न उठवता जाता येते. हार्बर लोकलचे तसे नाही. ईदच्या खरेदीसाठी खारघरहून थेट मस्जिद स्टेशनला उतरायचे आणि मोहम्मद अली रोड गाठायचा, हा आपल्याकडच्या बायकांचा नेहमीचा रस्ता. त्यासाठी गाडी प्लॅटफॉर्मवर येतानाच मिटवायची आणि मूल कडेवर घ्यायचे. फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीवरून चाके ओढू नयेत. सरकत्या जिन्यावर तर मूल बसवलेली गाडी कधीच चढवू नये, कितीही घाई असली तरी. आणि रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत संध्याकाळी मोहम्मद अली रोडला गाडी नेऊच नका. तिथे माणसाला पाऊल ठेवायला जागा नसते.

चाकांकडे नीट पाहा. लहान, कडक प्लॅस्टिकची चाके मॉलच्या फरशीवर सुरेख पळतात आणि आपल्या फुटपाथवरच्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात. पुढचे चाक अचानक थांबले की मूल पुढे फेकले जाते. म्हणूनच पट्टा पाच ठिकाणी बांधणारा हवा : दोन खांदे, कमरेच्या दोन बाजू आणि पायांमधून एक. फक्त कमरेचा पट्टा पुरत नाही. मूल रडते म्हणून तो सैल सोडूही नये.

आता माझी चूक सांगते. मंडईतून येताना कांद्यांची पिशवी मी मुठीला अडकवली होती. हलक्या गाडीला मागे वजन पेलवत नाही, हे मला कुणी सांगितले नव्हते. मुलाने पाय वर घेऊन अंग मागे टाकले आणि गाडी सरळ उलटली. डोक्याच्या मागे टेंगूळ आले. डॉक्टरांनी तपासले, दोन दिवस लक्ष ठेवायला सांगितले, अल्हमदुलिल्लाह पुढे काही झाले नाही. पण त्या रात्री मी दर तासाला उठून त्याचा श्वास पाहत होते. तेव्हापासून सामान खालच्या जाळीत, तिथे मावेल तेवढेच. उरलेले माझ्या खांद्यावर.

दुसरी गोष्ट ओढणीची. नजर लागू नये, धूळ लागू नये म्हणून आपण गाडीवर ओढणी किंवा चादर टाकतो. एप्रिल-मेच्या उन्हात आतली हवा कोंडते आणि बाहेरून आपल्याला कळतही नाही. छत मोठे घ्या, सावलीतून चाला, मुलाचा चेहरा दिसत राहू द्या. पावसाळी प्लॅस्टिकलाही हवेची भोके हवीत, आणि पाऊस थांबला की ते काढायचे.

सांध्यांत बोट अडकणे हा धोका नवा नाही. २००९ साली खुद्द मॅक्लारेन कंपनीला अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांच्या सांध्यांसाठी मोफत आवरणे द्यावी लागली, कारण मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा तक्रारी आल्या होत्या. तेव्हा सांधे झाकलेले आहेत का ते पाहा, आणि गाडी उघडता-मिटवताना मूल हाताच्या अंतरावर नको. दुसऱ्या घरातून आलेली गाडी असेल, आणि आपल्यात ती येतेच, चुलत बहिणीकडून मावस बहिणीकडे, तर ब्रेक आणि पट्ट्याचे कुलूप उतारावर तपासून घ्या. चांगल्या स्थितीतली जुनी गाडी घेण्यात कमीपणा नाही. इस्राफ टळतो.

मूल स्वतःहून बसत नसेल, म्हणजे साधारण सहा महिन्यांच्या आत, तर पूर्ण आडवी होणारी गाडीच घ्या. बऱ्याच हलक्या गाड्यांची पाठ अर्धीच कलते. त्या तान्ह्या बाळासाठी नाहीत.

सुट्टीचे म्हणाल तर जागा पाहून ठरवा. श्रीवर्धनच्या वाळूत कुठलीही हलकी गाडी चालत नाही. माथेरानला मोटारी दस्तुरीलाच थांबतात आणि पुढे लाल मातीचे रस्ते आहेत. तिथे लहान चाकांपेक्षा पाठीवरची झोळी उपयोगी. विमानाने जाणार असाल तर बहुतेक कंपन्या बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात आणि मग सामानात टाकतात. गाडीच्या खोक्यावर "केबिनमध्ये चालते" असे छापलेले असते, पण तो शब्द विमान कंपनीचा नाही. मिटलेल्या गाडीची लांबी-रुंदी टेपने मोजा आणि तिकिटाच्या नियमाशी ताडून पाहा. उमऱ्याला नेणार असाल तर हरममध्ये गाडी कुठल्या मजल्यावर आणि कुठल्या वेळी चालते हे टूर्सवाल्यांना निघण्याआधीच विचारा, आणि तवाफसाठी झोळी बरोबर ठेवा.

गेल्या आठवड्यात सासूबाईंनी विचारले, "तुझी ती लहान गाडी उद्या मोकळी आहे का?" त्यांना नातवाला घेऊन मेट्रोने पेंधरला बहिणीकडे जायचे होते. मी घडी घालायला दोनदा दाखवले. तिसऱ्यांदा त्यांनी मला बाजूला केले आणि म्हणाल्या, "हो तिकडे. कळलं मला."